तंबाखू न खाल्ल्याचा दाखला

मी पटकन कुणावर विश्वास ठेवत नाही. पहिल्यापासूनच. भाजीवाली "आत्ताच शेतातून आलीय बघा" म्हणाली की मी मेथीची जुडी उलटी करून देठ बघते. रिक्षात बसले की माझे डोळे रस्त्यावर कमी आणि मीटरवर जास्त. आमचे हे म्हणायचे, "हिला साक्षात गणपती भेटला तरी ही आधी विचारेल, तुम्ही कसब्यातले का बाहेरचे?" मी म्हणायचे, "विचारेनच. विचारण्यात काय वाईट आहे?"

डॉक्टरांवर तर मुळीच विश्वास नव्हता. कसबा पेठेत आमच्या घरापासून चार दारं सोडून एक दवाखाना होता. डॉक्टरांच्या हाताला गुण होता, नाही असं नाही, पण माणूस मोजून शब्द बोलणारा. आणि शेवटी ठरलेलं, "तीन दिवसांनी दाखवून जा." का म्हणून? बरं वाटलं तर दाखवायचं काय, आणि नाही वाटलं तर तुमच्या औषधाचा उपयोग काय? म्हणून मी घरी एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा ठेवला होता. जे औषध उरेल ते त्यात जायचं. ह्यांना दर थंडीत छाती भरून यायची, डॉक्टर कॅप्सूल लिहून द्यायचे, आणि ह्यांना चौथ्या दिवशी बरं वाटलं की हे त्या घेणं सोडून द्यायचे. उरलेल्या डब्यात. आमच्या घरी औषध कधी टाकून दिलं नाही, याचा मला अभिमान होता. आता ऐका पुढचं.

मी शिक्षिका होते. पेठेतल्याच शाळेत, पहिली ते चौथी, तीस वर्षं. दर सोमवारी प्रार्थना झाली की माझा कार्यक्रम असायचा नखं आणि दात तपासण्याचा. पोरं रांगेत उभी राहायची आणि मी म्हणायचे, "ई करा!" सगळा वर्ग ई करायचा. वर्षानुवर्षं पोरांच्या तोंडात डोकावून मला असा सराव झाला होता की दात बघून मी घरचा इतिहास सांगायचे. कुणाची आजी मिश्री लावते आणि नातवाच्याही बोटाला देते, कोण रात्री गोळी चघळत झोपतं, कुणाच्या घरी नळाला पाणीच आलं नाही. "बाई, घासलेत" म्हणणाऱ्याला मी म्हणायचे, "हो का? मग दातांना कळवलं नाहीस वाटतं."

माझी एकुलती एक मुलगी याच शाळेत होती. तिचे दुधाचे दात पांढरे स्वच्छ होते. ते पडले आणि नवे आले ते पिवळट. नुसते पिवळट नाही, आडव्या पट्ट्यापट्ट्यांचे, दुधावरची साय करपल्यासारखे. मी म्हटलं, ही घासत नाही. मी स्वयंपाकात असते, ही मोरीत जाऊन नळ सोडते, ब्रश ओला करते आणि बाहेर येते. दुसरं काय असणार? मी पाळत ठेवली. मोरीच्या दाराशी उभी राहून मोजायचे. ती घासायची. तरी पिवळे. मग मला वाटलं, मी आहे म्हणून घासते, नसते तेव्हा घासत नसणार.

तिसरीत ती माझ्या वर्गात आली. एका सोमवारी मी रांगेतून फिरत तिच्यापाशी आले. "ई कर." तिनं केलं. आता तुम्हीच सांगा, माझ्याच मुलीला सूट दिली तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू? मी तिला रांगेतून बाहेर काढलं. तिच्याबरोबर आणखी दोन मुलगे होते, पण त्यांना त्याचं काही नव्हतं, ते दर सोमवारीच निघायचे. तिला मी नळाशी उभं केलं आणि हातावर मीठ ठेवलं. ती म्हणाली, "अगं आई, मी खरंच..." मी म्हटलं, "शाळेत बाई म्हणायचं."

त्यानंतर घरी मी काय काय नाही केलं! मीठ झालं, राखुंडी झाली, खायचा सोडा झाला. लिंबाची साल झाली, त्या सालीनं तर दात असे आंबले की पोरीला गार पाणी पिता येईना. हिरड्यांतून रक्त यायचं. मला वाटायचं, रक्त येतंय म्हणजे मळ निघतोय. दात तसेच्या तसे. बदल एवढाच झाला की ती हसताना तोंडावर हात धरायला लागली. फोटोत ओठ मिटून. मला तेही बरंच वाटलं. म्हटलं, वळण लागलं पोरीला, फिदीफिदी हसत नाही.

मग ती कॉलेजात गेली, कॉम्प्युटर शिकली. तोवर बाजार उघडला होता. टीव्हीवर दोनाची पन्नास चॅनेलं झाली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पूर्वी दोन टूथपेस्ट मिळायच्या तिथं बारा दिसायला लागल्या. प्रत्येकीच्या खोक्यावर एक बाई, तिचे दात चुनखडीसारखे. दोन आठवड्यांत पांढरे, म्हणे! मी म्हटलं, दोन आठवड्यांत चुना फासला तर भिंतही पांढरी होते, पोपडे नंतर निघतात. मुलगी मात्र गुपचूप एकेक आणून बघायची. बाथरूमच्या फळीवर अर्ध्या अर्ध्या नळ्या पडलेल्या असायच्या. मी त्या बघायचे आणि तिच्या उधळेपणावर बोलायचे.

तिला नोकरी लागली हडपसरला. जिथं आम्ही लहानपणी हुरड्याला गेलो होतो तिथं आता काचेच्या इमारती, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं आणि बाहेर टपऱ्यांची रांग. ती कंपनीच्या गाडीनं जायची. आणि वर्षा-दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं की तिचे दात आणखी गडद झालेत. पूर्वी पिवळे होते, आता करडे तपकिरी. झालं! माझं डोकं चालायला लागलं. आयटीतल्या मुली सिगरेटी ओढतात असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या होत्या. मी तिच्या ओढणीचा वास घेऊन बघितला. पर्स तपासली. पर्समध्ये सापडल्या लवंगा, कागदाच्या पुडीत.

"लवंगा!" मी ह्यांना म्हटलं. "वास लपवायला."

"लवंग सापडली म्हणून फाशी देणार का तिला?" हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. ह्यांच्या असल्या स्वभावामुळे घरातला सगळा तपास मलाच करावा लागायचा.

आणि मग एका रविवारी तिनं त्या मुलाला घरी आणलं.

तिच्याच कंपनीतला. यवतमाळच्याही पलीकडच्या एका खेड्यातला. उंच, सावळा, नम्र. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. मी मनात म्हटलं, अतिनम्रता. मग तो हसला आणि मी गारच झाले. दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके आणि त्यांच्या मधून तपकिरी डाग, गंज चढल्यासारखे. तीस वर्षं ई करा म्हणणारी बाई मी. मला कोण फसवणार?

पोहे पुढ्यात ठेवून मी सरळ विचारलं, "पानबीन खाता का?"

"नाही जी."

"तंबाखू?"

"नाही, काकू."

"गुटखा? मिश्री?"

"मिश्री बाया लावतात, काकू," तो म्हणाला आणि माझी मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. मला ते मुळीच आवडलं नाही.

"मग दात कशानं असे?"

"पाण्यानं," तो म्हणाला. "आमच्या गावात सगळ्यांचेच असे असतात. लहानपणापासून बोअरचं पाणी पितो ना आम्ही. सरकारी लोक येऊन, हे पाणी पिऊ नका म्हणून, हापशीला लाल रंग लावून गेले होते, पण दुसरी हापशीच नव्हती."

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात तोंड सोडलं. "पाण्यानं दात काळे होतात म्हणे! खडकवासल्याचं पाणी प्यायलो आम्ही जन्मभर, झाले का आमचे काळे? तंबाखू खाणारा कधी 'खातो' म्हणतो का? आणि तुझे बघ. नोकरीला लागल्यापासून गडद झालेत. हा तिथेच होता ना तेव्हा? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!"

मुलगी भांडी आवरत होती. तिनं हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "आई, मी लग्न ह्याच्याशीच करणार आहे. तू हो म्हणालीस तर मांडवात करेन. नाही म्हणालीस तर रजिस्टर. पण रजिस्टर केलं तर मग मी या घरी पाहुणी म्हणूनही येईन की नाही, मला आत्ता सांगता येत नाही."

ती असं बोलणारी मुलगी नव्हती. म्हणूनच मी घाबरले. एकुलती एक पोर, आणि तीही अशी की एकदा म्हणाली म्हणजे तेच करणार. पण घाबरले की माणूस शहाणा होतो असं थोडंच आहे. मी म्हटलं, पुरावा आणते. पुरावा समोर ठेवला की हिचे डोळे उघडतील.

एका दुपारी मी ह्यांना "मंडईत जाऊन येते" सांगून बस पकडली आणि हडपसरला उतरले. कंपनीच्या फाटकासमोर बसथांब्याच्या आडोशाला उभी राहिले, डोक्यावर पदर, हातात पिशवी. साडेचारला पोरांचा लोंढा बाहेर आला. तो दिसला. सरळ टपरीकडे. मी मनात म्हटलं, ये बाबा, ये! टपरीवाल्यानं त्याला काहीतरी दिलं. मी दोन पावलं पुढे झाले. चहा होता. दोन पेले. दुसरा पेला माझ्या मुलीच्या हातात गेला. दोघं उभी होती, तो काहीतरी सांगत होता, आणि ती हसली. मान मागे टाकून, मोठ्यानं, रस्त्याच्या पलीकडे मला ऐकू येईल असं. एका हातात चहा, दुसऱ्या हातात रुमाल, आणि तोंड उघडं. हात तोंडाकडे गेलाच नाही.

लहानपणानंतर मी तिला असं हसताना पहिल्यांदाच बघत होते. आणि मला काय सुचलं सांगू? मी म्हटलं, उन्हात किती काळे दिसतात हिचे दात.

पुरावा काही मिळाला नाही. पण न मिळालेला पुरावा म्हणजे लपवलेला पुरावा, असं माझं गणित. मी घरी येऊन अट घातली. "दातांच्या डॉक्टरकडून लिहून आणा. तंबाखूचे डाग नाहीत असं. लेखी. मग मी हो म्हणेन." लोक पत्रिका बघतात, गोत्र बघतात. मी दातांचा दाखला मागितला. साऱ्या पुण्यात असली अट घालणारी मी एकटीच असेन.

मुलगी म्हणाली, "चालेल. पण मग माझेही दात दाखवायचे. गुण लागला म्हणतेस ना? तेही लिहून घे."

डॉक्टर मीच निवडली. त्यांनी निवडली असती तर तिला आधीच सांगून ठेवलं असतं. माझीच एक जुनी विद्यार्थिनी, तिचा बिबवेवाडीत दवाखाना होता. पिठाच्या गिरणीवर, पहिल्या मजल्यावर. माझ्या हाताखालून गेलेली मुलगी खोटं बोलणार नाही, एवढी खात्री होती. मला बघून ती खुर्चीवरून उठलीच. "बाई! ई करू का?" म्हणाली. मला फार बरं वाटलं.

आधी त्याला खुर्चीवर घेतलं. मी बाहेर बसायला तयार नव्हते, तेव्हा तिनं मला शेजारी स्टूल दिलं. तिनं बराच वेळ बघितलं, गालांच्या आतून, जिभेखाली, हिरडीच्या कडांनी. मग अणकुचीदार हत्यारानं एक तपकिरी डाग खरवडून दाखवला.

"बाई, तंबाखूचा डाग दाताच्या वर बसतो. जास्त करून आतल्या बाजूनं. असा खरवडला की निघतो. हे निघतंय का बघा. हे दाताच्या आतलं आहे. दात हिरडीत तयार होत असतात तेव्हा पोटात फ्लोराइड जास्त गेलं की असं होतं. आणि ते पाण्यातनंच जातं. त्या भागात गावंच्या गावं अशी आहेत. ह्यांच्या तोंडात तंबाखूचा मागमूस नाही."

"म्हणजे हा खरं बोलतोय?" मी त्याच्यादेखत विचारलं. तो बिचारा आ वासून पडला होता. त्यानं डोळ्यांनीच हो म्हटलं.

मग मुलगी बसली. डॉक्टरनं तिच्या गालात कापसाचे बोळे सरकवले, थुंकी ओढायची नळी ओठाला अडकवली आणि दिवा खाली घेतला. आणि डॉक्टरचा चेहरा बदलला. तिनं वरचे दात बघितले, खालचे बघितले, पुन्हा वरचे.

"बाई, लहानपणी हिला काही मोठं दुखणं झालं होतं का?"

"छे!" मी म्हटलं. "मी काही अंगावर काढू दिलं तर ना."

"मग खोकलाबिकला झाला तर काय द्यायचात?"

मी अगदी अभिमानानं सांगितलं. "ह्यांच्या कॅप्सूल असायच्या ना, पिवळी पूड असलेल्या, त्यातली एक उघडायची आणि चिमूट चिमूट मधातून चाटवायची. दीड वर्षाची होती तेव्हापासून. दर थंडीत. दोन दिवसांत खोकला गप्प व्हायचा."

 ती नळी मुलीच्या तोंडात खळखळत होती.

"टेट्रासायक्लिन," डॉक्टर हळूच म्हणाली. "बाई, ते औषध लहान मुलांना देत नाहीत. आठ वर्षांच्या आत तर नाहीच. आणि दिवस गेलेल्या बाईलाही नाही. तयार होणाऱ्या दातात ते जाऊन बसतं, कायमचं. हा टोकाजवळचा पट्टा दिसतो ना? हा पहिल्या खेपेचा. दात टोकाकडून हिरडीकडे वाढतो. मग हा पुढचा, मग हा. नंतर उजेडानं ते दातातल्या दातात गडद होत जातं. वयाबरोबर आणखी. तिनं काही खाल्लं-प्यायलं नाही तरी. तुम्ही कितीही घासून घेतलं असतं तरी ते निघालं नसतं."

मी वाकून बघितलं. चार पट्टे होते. चार हिवाळे. मला प्रत्येक आठवत होता.

मग तिनं विचारलं, "बाई, डॉक्टरांनीच लिहून दिल्या होत्या ना हिला?"

ती माझी सुटका करत होती, हे मला कळलं. शिकवलं होतं मी तिला, माझी लाज राखायची होती तिला. आणि खोटं बोलणं किती सोपं होतं! पेठेतले डॉक्टर केव्हाच वारले होते. कोण विचारायला जाणार? माझ्या मुलीचे डोळे दिव्याकडे होते. तिला बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

"नाही," मी म्हटलं. "ते नको म्हणाले होते."

म्हणाले होते. पोरीला घेऊन मी एकदा गेले होते तेव्हा सहज बोलून गेले की ह्यांच्या कॅप्सूलमधली थोडी पूड देते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मुलांना ते द्यायचं नाही." मी विचारलं, "का?" ते म्हणाले, "मी सांगतोय म्हणून. डॉक्टर कोण आहे, तुम्ही का मी?" आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी पायऱ्या उतरताना म्हटलं, कळलं हो! उरलेलं औषध वापरलं तर यांच्याकडे येणार कोण? धंदा! घरी आले आणि डबा उघडला. त्यांनी कारण सांगितलं असतं तर? असं मी पुढे पुष्कळदा मनात म्हणून बघितलं. पण खरं सांगते, सांगितलं असतं तरी मी संशयच घेतला असता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वीस वर्षं मी मोरीच्या दाराशी उभी राहिले, ओढण्या हुंगल्या, हडपसरच्या थांब्यावर पदर घेऊन पाळत ठेवली. आणि शेवटी डॉक्टर मीच निवडली, अट मीच घातली, दोघांना तिथं मीच नेलं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

डॉक्टरनं बोळे काढले. मुलगी उठून बसली, चूळ भरली, बेसिनमध्ये थुंकली, तोंड पुसलं. मी वाट बघत होते. ओरडेल, रडेल, काहीतरी म्हणेल. ती डॉक्टरकडे वळली.

"ह्याचा दाखला मिळेल ना? आईला लेखी हवाय."

बस्स. एवढंच. दाखला मिळाला, सही-शिक्क्यानिशी. उपायही सांगितले. त्याचे डाग थोडे फिके करता येतील, हिचे औषध लावून फारसे जाणार नाहीत, हवं तर दातांवर पातळ कवच बसवता येईल. मी लगेच म्हटलं, "बसवू, आजच बसवू." मुलगी म्हणाली, "आई, खाली रिक्षा आहे का बघ."

मी खाली आले. माझ्यामागे तो मुलगा आला. गिरणीचा आवाज चालू होता, त्यामुळे त्याला जवळ येऊन बोलावं लागलं. "काकू, मनाले लावून घेऊ नका," तो म्हणाला. "आमच्या मायनंही तेच पाणी पाजलं आम्हाला. कुणाले माहीत होतं?"

मी म्हटलं, "तुमच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं."

घरी हे पेपर वाचत बसले होते. "काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"मीच निघाले," मी म्हटलं, आणि आत जाऊन पलंगावर पडले. चपला काढायची शुद्ध नव्हती. रडले की नाही हे सांगत बसत नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी चहा करून आणला, एवढं सांगते.

लग्न मांडवात झालं. फोटोग्राफर "स्माईल, स्माईल" करत होता. ती दोघं आपापले डाग दाखवत खुशाल हसत होती. कवचाचं मी पुन्हा दोनदा काढलं. ती म्हणाली, "आता सवय झालीय मला त्यांची." लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी वाळवत ती खिडकीशी बसली होती, तेव्हा मी धीर केला. म्हटलं, "तुला एकदा मी रांगेतून बाहेर काढलं होतं, शाळेत..."

"तिसरीत," ती म्हणाली. "बरोबर कोण दोघं होते तेही आठवतंय."

माझ्याकडे पुढची वाक्यं तयार होती. रात्रभर पाठ केली होती. तिनं मेंदीचे हात वर धरले आणि म्हणाली, "माझ्या नाकाला खाज सुटलीय, जरा खाजव ना." मी खाजवलं.

तिला मुलगी झाली. जावई देवमाणूस, हे मी आता कुणालाही लेखी द्यायला तयार आहे. नात वर्ष-सव्वा वर्षाची झाली तेव्हा मुलगी पुन्हा नोकरीवर रुजू होणार होती. हडपसरला त्यांच्या सोसायटीत पाळणाघर होतं, पण तिनं मला विचारलं. मला! मी सगळं घर पुसून घेतलं, टेबलांच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या.

पहिल्या दिवशी ती सकाळी नातीला घेऊन आली. दुपट्टी, वाटी-चमचा, खिमटीचा डबा, सगळं काढून ठेवलं. पोरीला थोडी सर्दी होती, नाक वाहत होतं. मी म्हटलं, "काही काळजी करू नकोस, मी बघते."

ती घुटमळली. बूट घालून झाले होते, पर्स खांद्याला होती. मग बूट काढून ती पुन्हा आत आली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाकडे बघत म्हणाली, "आई, तो डबा अजून आहे का? पत्र्याचा?"

होता. आता त्यात ह्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, माझं गुडघ्यांचं मलम, असलंच काहीतरी. पण उरलंसुरलंही होतं, नाही कशाला म्हणू.

"आहे," मी म्हटलं.

"लागणाऱ्या गोळ्या बाहेर काढून वर ठेव. बाकीचा डबा मी घेऊन जाते." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आणि हिला काही द्यायचं असलं तर आधी मला फोन कर. साधं मधाचं चाटणसुद्धा. करशील ना?"

इतक्या वर्षांत तिनं मला एक शब्द बोलून दाखवला नव्हता. आजही दाखवला नाही. मला राग यायला हवा होता. दुसऱ्या कुणी माझ्या घरात येऊन माझं कपाट उघडायला लावलं असतं तर मी त्याला जिन्यावरून खाली पोचवलं असतं. मी स्टुलावर चढले, डबा काढला, ह्यांच्या गोळ्या आणि माझं मलम बाजूला ठेवलं आणि डबा तिच्या हातात दिला.

तिनं तो पर्समध्ये घालायचा प्रयत्न केला, मावला नाही. मग तो तसाच काखेत धरून ती निघाली. जिन्याच्या वळणावर थांबली, वर बघितलं आणि पुन्हा विचारलं, "फोन करशील ना, नक्की?"

"करीन," मी म्हटलं. "आणि दुपारी तूही एकदा करून खात्री करून घे."

"घेणारच आहे," ती म्हणाली, आणि उतरून गेली.